कारखाना सुटल्यानंतरची तपासणी

रंग, रबर आणि रसायनांच्या कारखान्यांत काम केलेल्या वाचकांची व त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रे गेल्या दोन महिन्यांत आली. त्यांतील चार पत्रे मूत्राशयाच्या कर्करोगाविषयीच असल्यामुळे ती या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रंगाच्या कारखान्यात १९८३ पासून २००४ पर्यंत ऑपरेटर होतो. पहिली आठ-नऊ वर्षे आमच्या खात्यात बेंझिडिनपासून सुती कापडाचे आणि चामड्याचे काळे रंग बनत; पुढे ते बंद झाले. कारखानाही विकला गेला आणि मी धायरीला मुलाकडे राहायला आलो. मला लघवीचा काहीही त्रास नाही. मात्र गेल्या वर्षी माझ्याच पाळीतील एका सहकाऱ्याला मूत्राशयाचा कर्करोग निघाला. माझे वय ६६ आहे. इतक्या वर्षांनंतर तपासणी करावी का, आणि कोणती? – एक सेवानिवृत्त कामगार, धायरी

उत्तर : करावी. त्रास नाही ही चांगलीच गोष्ट आहे. पण 'इतक्या वर्षांनंतर' या शब्दांत जो दिलासा आपण शोधत आहात, तो हा आजार देत नाही. बेंझिडिन किंवा त्याच वर्गातील बीटा-नॅफ्थिलअमाइन या रसायनांशी पहिल्यांदा संबंध आल्यापासून गाठ दिसेपर्यंत सरासरी वीसेक वर्षे जातात, आणि तीस-चाळीस वर्षांनी आजार उद्भवल्याच्याही नोंदी आहेत. कारखान्याच्या दवाखान्यातील वार्षिक 'मेडिकल' ज्या वयात थांबते, साधारण त्याच वयात हा धोका जोर धरू लागतो. या विषयातील सगळी अडचण मला इथेच दिसते.

हा संबंध नव्याने कळलेला नाही. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्येच बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन यांच्याकडे बोट दाखवले होते, आणि १९५४ साली ब्रिटनमधील रसायन कामगारांच्या मोठ्या पाहणीने शंकेला जागा ठेवली नाही. आपल्याकडे बेंझिडिनच्या रंगांवर बंदी यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. १९९७ च्या केंद्रीय अधिसूचनेने सत्तर ॲझो रंगांची (बेंझिडिनचे रंग याच कुळातले) हाताळणी निषिद्ध ठरवली. आपल्या खात्यात ते रंग 'पुढे बंद झाले' ते बहुधा याच घडामोडींमुळे.

ही रसायने त्वचेतून आणि श्वासातून शरीरात शिरतात, यकृतात त्यांचे रूपांतर होते आणि त्यांचे अवशेष लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडातून आलेली लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते, त्यामुळे विषारी अवशेषांचा सर्वांत दीर्घ सहवास मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला घडतो. बेंझिडिनपासून तयार झालेला रंगसुद्धा पोटात गेल्यास आतड्यातील जिवाणू तो पुन्हा मोडतात आणि त्यातून मूळ बेंझिडिन मोकळे होते. म्हणून केवळ रिॲक्टरवर उभे राहणाऱ्यांनाच नव्हे, तर ड्रायरमधून निघालेली कोरडी भुकटी ड्रममध्ये भरणाऱ्या हमालांना आणि ठेकेदाराच्या माणसांनाही हा धोका होता. आपले जे सहकारी या कामांवर होते त्यांना हे पत्रोत्तर अवश्य दाखवावे. बहुतेकदा त्यांची नावे हजेरीपटावरसुद्धा नसतात.

आता तपासण्यांविषयी. लघवीची साधी तपासणी, म्हणजे रासायनिक पट्टी आणि सूक्ष्मदर्शकाखालील पाहणी, वर्षातून एकदा तरी करावी. डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात दिसू शकते. एका दृश्यक्षेत्रात तीन किंवा अधिक तांबड्या पेशी आढळल्या, तर त्याचा पुढे तपास व्हायला हवा. तपासणीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांमुळे पट्टीवर रक्त असूनही नसल्यासारखे दिसू शकते. दुसरी तपासणी लघवीतील पेशींची, म्हणजे सायटॉलॉजीची. अस्तरातून गळून पडलेल्या पेशी पॅथॉलॉजिस्ट रंगवून पाहतात. आक्रमक स्वरूपाच्या गाठी आणि अस्तराला चिकटून सपाट पसरणारा कर्करोग ती चांगला ओळखते. सौम्य, संथ वाढणाऱ्या गाठी मात्र तिच्या हातून बऱ्याचदा निसटतात. यासाठी सकाळची पहिली लघवी देऊ नये, कारण रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी झिजून ओळखू येईनाशा होतात. नंतरच्या वेळचा ताजा नमुना द्यावा आणि शक्य असल्यास तीन वेगवेगळ्या दिवशी द्यावा. प्रयोगशाळेत बाटली देताना 'सकाळची पहिली आणा' असे सांगितले गेले, तर ही गोष्ट नम्रपणे पण ठामपणे सांगावी. तिसरी तपासणी मूत्राशय भरलेले असताना केलेली सोनोग्राफी. तीत उठून आलेली गाठ दिसते, अगदी लहान किंवा सपाट गाठ दिसत नाही. सायटॉलॉजी आणि सोनोग्राफी एकमेकींच्या उणिवा काही अंशी भरून काढतात, म्हणून मी त्या जोडीने करायला सांगतो.

यांपैकी कशातही संशय आला, तर दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणे, म्हणजे सिस्टोस्कोपी, याला पर्याय नाही. जागा बधिर करणारी जेली घालून लवचीक दुर्बिणीने ही तपासणी काही मिनिटांत होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. काहीही लक्षण नसलेल्या प्रत्येक माजी कामगाराची दरवर्षी दुर्बीण तपासणी करावी, असे मात्र मी म्हणणार नाही. तीत लघवीला जळजळ, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. आपल्या बाबतीत सुमारे नऊ वर्षांचा थेट संपर्क, एका सहकाऱ्याला निघालेला हाच आजार आणि वय हे तिन्ही जुळून आलेले असल्यामुळे एकदा युरॉलॉजिस्टकडे जाऊन कामाचा संपूर्ण इतिहास सांगावा आणि दुर्बिणीचा निर्णय त्यांच्याशी बोलून घ्यावा.

प्रामाणिकपणे आणखी एक सांगायला हवे. कामगारांच्या अशा नियमित तपासणीने मृत्यू किती टळतात, हे दोन तुल्य गट करून दीर्घकाळ केलेल्या चाचणीतून सिद्ध झालेले नाही. सर्वसाधारण, लक्षणे नसलेल्या प्रौढांच्या तपासणीबाबत अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०११ साली 'पुरावा अपुरा' असाच निष्कर्ष काढला. पण तो सरसकट लोकसंख्येविषयी आहे. ज्याच्या बनियनवर वर्षानुवर्षे काळा रंग उतरला त्या माणसाला तो जसाच्या तसा लावणे मला पटत नाही, आणि अधिक धोक्याच्या गटांवर लक्ष ठेवण्याची पद्धत अनेक देशांत आहे.

कागदांचेही पाहावे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१-ग हे कलम घालण्यात आले. घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याच्या मालकाने कामगाराची कामावर नेमण्यापूर्वी, काम चालू असताना आणि ते काम सोडल्यानंतरही बारा महिन्यांपेक्षा जास्त नसलेल्या अंतराने वैद्यकीय तपासणी करावी, तसेच त्याच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात व त्या त्याला पाहू द्याव्यात, असे ते कलम सांगत होते. 'काम सोडल्यानंतरही' हे शब्द कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट होते; सेवानिवृत्त झाल्यावर कारखान्याकडून तपासणीचे पत्र आलेला कामगार मात्र माझ्या पाहण्यात एकही नाही. आपला कारखाना उरलेला नसला तरी नेमणूकपत्र, पगाराच्या जुन्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, कामगार विम्याचे कार्ड असे जे हाती असेल ते एका फायलीत लावून ठेवावे. एका कागदावर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणत्या खात्यात कोणते रसायन हाताळले, हे आठवेल तसे स्वतःच्या हाताने लिहावे आणि एखाद्या जुन्या सहकाऱ्याची त्यावर सही घ्यावी. उद्या नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर तो कागद उपयोगी पडेलच. त्याआधी तो डॉक्टरांना उपयोगी पडेल.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. तीस वर्षे ते स्प्रे पेंटिंगचे काम करतात आणि विडी ओढतात. दिवाळीच्या सुमारास एकदा त्यांना लालसर लघवी झाली. दुखले नाही. 'उन्हाळी लागली' म्हणून त्यांनी दोन दिवस धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा घेतला, आमच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि लघवी स्वच्छ झाली. आता ते पुढची तपासणी करायला तयार नाहीत. खरोखर गरज आहे का? – एक वाचक, पिंपळे गुरव

उत्तर : गरज आहे, आणि ती याच महिन्यात. तुमच्या वडिलांचा प्रश्न वरच्या पत्रापेक्षा वेगळा आहे. लक्षण नसताना आजार शोधायचा की नाही, यावर वाद होऊ शकतो. लक्षण दिसल्यावर तो वाद उरत नाही.

उन्हाळी लागते तेव्हा जळजळ होते, थेंब थेंब लघवी होते, ओटीपोटात कळ येते. वेदनेशिवाय आलेले रक्त हे उन्हाळीचे लक्षण नव्हे. मूत्राशयातील बऱ्याच गाठी फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या नाजूक असतात. एखादा तुरा तुटला की रक्त येते, आणि तिथली जखम सुकली की आपोआप थांबते. पुढचे रक्त दोन आठवड्यांनी दिसेल किंवा सहा महिन्यांनी. मधल्या काळात जे काही घेतले असेल, मग तो सब्जा असो की प्रतिजैविके, त्याचाच गुण आला असे वाटते. माझ्याकडे उशिरा पोहोचलेल्या रुग्णांच्या हकिगतीत 'एकदा आले होते, मग गेले' हे वाक्य जवळजवळ नेहमी असते.

बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने लघवी लाल-नारिंगी होते, हे खरे. तसे काही घेतले होते का हे विचारावे. पण वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर 'त्यामुळेच आले असेल' असे समजून सोडून देऊ नये. त्या गोळ्या चालू असलेल्यांचाही तपास इतरांइतकाच पूर्ण करायचा असतो. रक्तामागे बहुतेकदा मुतखडा, प्रोस्टेटची वाढ किंवा जंतुसंसर्ग यांपैकी काही निघते. कर्करोग निघालाच, तरी निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत तो मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. अशी गाठ पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढता येते, आणि गरजेनुसार पुढे मूत्राशयात बीसीजीची द्रावणे सोडतात. लहान बाळांना क्षयरोगासाठी टोचतात त्याच जिवाणूपासून बनवलेले हे औषध हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, हे सांगितल्यावर अनेक रुग्णांची भीती थोडी उतरते, असा माझा अनुभव आहे. मात्र गाठ स्नायूत शिरल्यावर मूत्राशयच काढण्याची वेळ येऊ शकते.

ससून किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जाताना 'तीस वर्षे स्प्रे पेंटिंग' हे शब्द केसपेपरवर लिहून घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसाय कर्करोगजनक ठरवला आहे आणि त्यात फुप्फुसासोबत मूत्राशयाचाही समावेश आहे. विडीचे तर सांगायलाच नको: तंबाखूच्या धुरात बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि ४-अमिनोबायफेनिल असते, म्हणजे रंगकामगारांना ज्या रसायनांनी ग्रासले त्यांतलीच ही. कामाच्या आणि विडीच्या धोक्यांपैकी दोषी कोण, हे आता ठरवत बसू नये. वडिलांना समजावताना 'कॅन्सर' या शब्दापासून सुरुवात करू नका. 'रक्त कुठून आले ते एकदा बघून घेऊ' एवढेच म्हणावे. तेवढेच खरेही आहे.

प्रश्न : आमचा भोसरी एमआयडीसीत पॉलियुरेथेनचे रोलर आणि चाके ओतण्याचा लहान कारखाना आहे, कामगार बावीस. घट्टपणा येण्यासाठी आम्ही 'मोका' नावाचा पदार्थ वितळवून वापरतो. हवेच्या तपासणीचा अहवाल उत्तम आला आहे. तरीही कामगारांच्या वार्षिक तपासणीत मूत्राशयासाठी काही घालावे का? – सुरक्षा अधिकारी, भोसरी

उत्तर : आपण स्वतःहून विचारले, याबद्दल आपले अभिनंदन. मोका हे ॲरोमॅटिक अमाइनच, म्हणजे बेंझिडिनच्याच वर्गातील रसायन आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवासाठी कर्करोगजनक अशा पहिल्या गटात ठेवले आहे.

हवेच्या अहवालावर विसंबू नये. या वर्गातील रसायने मुख्यतः त्वचेवाटे शिरतात. जपानमधील फुकुई प्रांतातील एका कारखान्यात याच वर्गातील ऑर्थो-टोल्युडिन हाताळणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचे कर्करोग झाल्याचे २०१५ च्या अखेरीस उघड झाले. चौकशीत हवेतील प्रमाणापेक्षा दूषित हातमोजे आणि भिजलेले कपडे यांतून त्वचेत झालेले शोषण हेच महत्त्वाचे ठरले. आपल्या कारखान्यात एकच हातमोजा आठवडाभर धुऊन वापरला जातो का, मोकाचे दाणे तोलताना सांडतात का, जेवणापूर्वी हात कुठे धुतात, कामाचे कपडे घरी नेऊन घरच्यांच्या कपड्यांबरोबर धुतले जातात का, हे आधी पाहावे.

कामगार आज किती रसायन शोषून घेत आहे, हे पाहायला पाळी संपतानाच्या लघवीत मोकाचे प्रमाण मोजतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी दर मोल क्रिएटिनिनमागे १५ मायक्रोमोल हा मार्गदर्शक आकडा आहे. तो ओलांडला म्हणजे आजार झाला असे नव्हे. कामाच्या पद्धतीत चूक आहे, असे समजावे. आजाराची खूण शोधण्यासाठी लघवीतील रक्त आणि पेशी पाहणाऱ्या तपासण्या असतात, आणि त्यांना कित्येक वर्षांनंतरच अर्थ येतो. लहान कारखान्याने दोहोंपैकी एकावरच खर्च करायचा असेल, तर मी पहिलीवर करावा म्हणेन, कारण तिचे उत्तर आल्यावर सोमवारपासून काही बदलता येते. दुसरीसाठी नेमणुकीच्या वेळची लघवीची तपासणी नोंदवून ठेवावी, ती दरवर्षी करावी, आणि पहिल्या संपर्काला दहा-पंधरा वर्षे झालेल्यांसाठी सायटॉलॉजी जोडावी. लघवीत रक्त आढळलेल्या कामगाराला कामावरून काढले जाणार नाही, हे लेखी कळवावे. अन्यथा दुसऱ्याची लघवी बाटलीत भरून देण्याचे प्रकार होतात, आणि त्याबद्दल मला त्या कामगारांना दोष देता येत नाही.

नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, त्याने मोका किती वर्षे हाताळले आणि लघवीत रक्त दिसल्यास काय करावे, याचे मराठीतील एक पानी पत्र द्यावे. ठेकेदाराच्या कामगारांनाही द्यावे.

प्रश्न : मुलाने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. घरून लघवीचा नमुना नेतात आणि मूत्राशयाचा कर्करोग 'सुरुवातीलाच' सांगतात. मी पंचवीस वर्षे नारायण पेठेत छापखाना चालवला. ही तपासणी करून घ्यावी का? – एक मुद्रक, पुणे

उत्तर : सध्या नको. छापखान्यातील कामाचा आणि या कर्करोगाचा काही अभ्यासांत संबंध आढळला आहे, पण बेंझिडिनच्या रंगकामगाराशी त्याची तुलना होत नाही.

लघवीतील प्रथिने किंवा पेशींतील गुणसूत्रांचे बदल शोधणाऱ्या अशा चाचण्या खऱ्या आहेत; त्या थोतांड नव्हेत. चीनमध्ये बेंझिडिन हाताळलेल्या सुमारे अठराशे कामगारांवर १९९१ पासून काही वर्षे अशा खुणांच्या साहाय्याने लक्ष ठेवण्यात आले. त्या काळात २८ जणांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, आणि कोणाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे हे ठरवण्यास त्या खुणांची मदत झाली. जर्मनीत २००३ ते २०१० या काळात ॲरोमॅटिक अमाइनशी संबंध आलेल्या सुमारे सोळाशे पुरुषांची दरवर्षी सायटॉलॉजी आणि दोन नव्या चाचण्या करण्यात आल्या. जास्त धोक्याच्या त्या गटातही गाठी मोजक्याच निघाल्या आणि चाचणी 'सदोष', म्हणजे कर्करोगाचा संशय दाखवणारी, आलेल्यांपैकी बहुसंख्यांना कर्करोग नव्हता. यांतील काही चाचण्या साध्या जंतुसंसर्गानेही किंवा मुतखड्यानेही सदोष येतात. जिथे गटच कमी धोक्याचा, तिथे खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण आणखी वाढणार. मग सिस्टोस्कोपी, सीटी स्कॅन आणि महिनाभराची झोपमोड हे सारे एका जाहिरातीपोटी. उलट ती चाचणी निर्दोष आली, म्हणून पुढे दिसलेल्या रक्ताकडे दुर्लक्ष झाले तर त्याहून वाईट.

आपण पत्रात सिगारेटचा उल्लेख केलेला नाही. ओढत असाल, तर जाहिरातीतल्या चाचणीसाठी ठेवलेले पैसे सिगारेट सोडवण्यासाठी वापरावेत. लघवीची साधी तपासणी पेठेतल्या कोणत्याही प्रयोगशाळेत होते. ती वर्षातून एकदा करावी, आणि बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर 'मुद्रण व्यवसाय, पंचवीस वर्षे' असे लिहावे.